बायलमाणसांक किती दिल्यान?

वेंगुर्ला,
8 जून

प्रिय सुहास,

आंबा संपला. शेवटच्या पेट्या गेल्या आठवड्यात वाशीला गेल्या आणि परवा रात्री पाऊस असा कोसळला, की खळ्यातला मांडवसुद्धा काढायला सवड मिळाली नाही. आता हातात वेळ आहे. फोनवर तू विचारलंस, “काय रे बस्त्याव, म्हातारपणी पाद्री होतलंस काय?” तेव्हा बागेत गडी होते, म्हणून हसून वेळ मारून नेली. आज नीट सांगतो.

दर शनिवारी तेर्स, म्हणजे संध्याकाळची जपमाळेची प्रार्थना, झाली की वाडीतली दहा-बारा माणसं कुणाच्या तरी घरी जमतो. बायबलमधला एक उतारा वाचायचा, थोडा वेळ गप्प बसायचं, मग ज्याला जे सुचेल ते त्यानं बोलायचं. फादर महिन्यातून एकदा येतात, एरवी आमचं आम्हीच. शिवाय बुधवारी रात्री पुण्याहून फोनवर वर्ग असतो. त्यासाठी मला विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसावं लागतं, रेंज तिथंच येते. शिकवणारी बाई आमच्या पोरीच्या वयाची आहे आणि ग्रीक वाचते! शिकली श्रीरामपूरला. नगरचं नव्हे रे, बंगालमधलं. विल्यम केरी या मिशनऱ्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी 1818 साली काढलेलं कॉलेज. हाच केरी, ज्यानं 1805 साली मराठीचं व्याकरण छापलं.

माझी आजी तुला आठवत असेल. लदीन, ती सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना, तिला लॅटिनमध्ये तोंडपाठ होती, अर्थ एका शब्दाचाही ठाऊक नव्हता. कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद 1965 साली संपली आणि मग हळूहळू मिस, म्हणजे चर्चमधली उपासना, आपल्या बोलीत आली. पण त्याच्याही साडेतीनशे वर्षं आधी, 1616 साली, इथून दोन-तीन तासांवर गोव्यातल्या राशोलला फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रजानं उत्पत्तीपासून ख्रिस्तापर्यंतची सगळी कथा मराठी ओव्यांत छापली होती, जवळजवळ अकरा हजार ओव्या. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयनं लोकांच्या भाषेवरच बंदी आणली. आजीचं नशीब तिथंच ठरलं म्हण. आम्ही वाचतो ते फादर दिब्रिटोंचं मराठी बायबल. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, तेच. 2024 च्या जुलैत गेले. वसई हिरवी राहावी म्हणून रस्त्यावर उतरलेला पाद्री. त्यांची मराठी वाचताना कुठं अडखळायला होत नाही, आणि पंचाईत तिथूनच सुरू झाली. कळायला लागलं ना!

मार्चमधला शनिवार. उतारा मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला, द्राक्षमळ्याच्या मालकाचा. तो पहाटे माणसं लावतो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटी दिवस बुडायला तासभर राहिला असताना पाचला. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर एकेक दिनार ठेवतो, पुऱ्या दिवसाची मजुरी. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. मी बागायतदार, म्हणून सगळ्यांनी मलाच विचारलं, तुला हे पटतं का? मी देवाची कृपा वगैरे बरंच बोललो. माझ्या मागं भिंतीला टेकून बसलेली एक बाई माझ्याच बागेत कामाला येते. ती सहज म्हणाली, “मालकान सगळ्यांक सारख्या दिल्यान. पण बायलमाणसांक किती दिल्यान, ता हय लिवलेला नाय.”

सगळे हसले. मीसुद्धा हसलो.

माझ्याकडे गड्याला सहाशे आणि बाईला चारशे असा रेट. बाबांच्या वेळेपासून फरक आहेच, आकडे तेवढे वाढत गेले. समान कामाला समान वेतनाचा कायदा 1976 सालीच झाला, पण आमच्या भागात तो कागदावर. संत इग्नाशियसची एक रीत त्या पुण्याच्या बाईनं शिकवली होती, झोपायच्या आधी सबंध दिवस एकदा डोळ्यांपुढून न्यायचा, कुठं चुकलं ते बघायचं. त्या रात्री मी बसलो आणि डोळ्यांपुढं आली ती चढण, बागेपासून रस्त्यापर्यंतची. भरलेले क्रेट डोकीवरून वर कोण नेतं? बायकाच. आंबे उतरवायचा झेला घेऊन झाडावर चढणारा गडी दुपारी सावलीत विडी ओढतो, बाई तोवर आंबे निवडते, आढी लावते. “हलकं काम” आम्ही ज्याला म्हणतो ते हे.

घरात विषय काढला तर बायको म्हणाली, “वीस वर्षं मी सांगतंय, तेव्हा बायबल नव्हता काय?” यावर काय बोलणार?

एप्रिलपासून क्रेट वाहणाऱ्या, निवडणाऱ्या बायकांना सहाशे केले. खरं सांगतो, धार्मिक आनंद वगैरे काही झाला नाही. पोटात गोळा आला. फवारणीची औषधं, पेट्या, टेम्पो, सगळंच महाग. शेजारचा बागायतदार आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. माझ्यामुळे त्याच्याही बायका मागायला लागल्या. आणि ज्या बाईनं ते वाक्य टाकलं, ती एवढंच म्हणाली, “मागच्या वर्साचा काय?” त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजून नाही.

आमोस नावाचा एक संदेष्टा आहे, मला तो आता शेजाऱ्यासारखा वाटतो. मेंढरं राखायचा आणि उंबरांची निगा करायचा, म्हणजे एका अर्थी आपल्याच धंद्यातला. तो म्हणतो, तुम्ही गरिबाला पायताणाच्या एका जोडासाठी विकता. आणि 1891 साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या न्याय्य मजुरीवर पत्र लिहिलं होतं, त्यांच्याच नावावरून 2025 मध्ये नव्या पोपनी लिओ नाव घेतलं. मी पन्नास वर्षं न चुकता मिसला जातो, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. का मीच ऐकलं नव्हतं कोण जाणे.

सगळं गोडीगुलाबीत चालतं असं समजू नकोस. एकदा अनुसूचित जाती कोणत्या ते ठरवणाऱ्या 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशावर बोलणं निघालं. अनुसूचित जातीच्या सवलतीत 1956 साली शीख आले, 1990 साली बौद्ध आले, दलित ख्रिस्ती मात्र अजून बाहेर. मी तावातावानं अन्याय म्हणालो. एक पोरगा शांतपणे म्हणाला, “सरकाराचा ऱ्हवांदे, काका. आपल्या फेस्ताक पयलो मान कोणाचो, ता आधी सांगा.” फेस्त म्हणजे चर्चचा सण. ख्रिस्ती असूनही आमच्यात जाती आहेतच: बामण, चार्डो, सुदीर... तू आमच्या घरी वाढलास, तुला वेगळं सांगायला नको. त्या शनिवारी चहा कुणी घेतला नाही. पुढच्या शनिवारी दोघं आलेच नाहीत, त्यातला एक माझा चुलतभाऊ.

तू हिशोबाचा माणूस, म्हणून एक काम सांगतो. सोबत यंदाच्या खर्चाचं पान जोडलं आहे, पेटीमागे मजुरी किती पडली ते बघ. झाडावर चढणाऱ्या गड्यांना जोखमीचे शंभर वेगळे द्यायचे म्हटलं तर बसतं का, आणि गेल्या वर्षीच्या फरकातलं थोडं थोडं देत गेलो तर किती वर्षं लागतील, तेही काढ. मोहोराच्या फवारणीला माणसं लावायच्या आधी कळव. आढीतले पाच-सहा डझन पायरी ठेवलेत, तुझा भाचा रविवारी पुण्याला निघतोय, त्याच्याकडे देतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बस्त्याव