शर्टावरचा बिल्ला

दोंडाईचा
जानेवारी, संक्रांतीच्या आधीचा रविवार

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू 'नंतर बोलू' म्हणालास. तुझं नंतर मला माहीत आहे, म्हणून लिहायला बसले. जन्मभर फळ्यावर लिहिलं, त्यामुळे भांडणसुद्धा मला लिहूनच नीट जमतं.

सारंगखेड्याच्या यात्रेतले तुझे फोटो मी सगळे पाहिले. घोडेबाजाराचे तर फार सुरेख आलेत. पण तो एक फोटो डोळ्यांपुढून हलत नाही. धुळीत आडवा पडलेला माणूस, एका पायात चप्पल, दुसरी हातभर लांब, आणि त्याची बाही ओढणारं सहा-सात वर्षांचं पोरगं. खाली तू एकच शब्द लिहिलास, 'वास्तव'. अकरा हजार लोकांना ते आवडलं.

मी फोटो बोटांनी मोठा केला. पोराने शाळेचाच शर्ट घातलाय. यात्रेला घालायला तोच एक धड असणार. खिशावर बिल्ला आहे आणि त्यावरचं शाळेचं नाव मला चष्म्याशिवाय वाचता आलं. कॅमेरा चांगला निघाला म्हणायचा.

चौथ्या दिवशी तोच फोटो आमच्या रिटायर मास्तरांच्या ग्रुपवर आला. तुझं नाव नाही, 'वास्तव'ही नाही. वर कुणीतरी लिहिलेलं, 'बघा, आजकालचे बाप.' एका बाईंनी बिल्ल्यावरून शाळा ओळखली, दुसऱ्यांनी शाळेवरून पोरगं. दुपारच्या सुट्टीत पोरं एकमेकांना काय काय म्हणतात ते मी वर्षानुवर्षं ऐकलंय. 'दारुड्याचा' एकदा चिकटलं की शाळा सुटली तरी सुटत नाही. आता तू तुझ्याकडचा फोटो पुसलास तरी ग्रुपवरचा थोडाच पुसला जाणार आहे?

आणि तो प्यायलेलाच होता, हे तरी कशावरून? फीट आली असेल. उपाशी असेल. या एका दृश्याचे तुझ्याकडे नऊ फोटो आहेत, तूच सांगितलंस. नऊ फोटो होईपर्यंत चार पावलं पुढे जाता आलं असतं. पाण्याची बाटली तुझ्या बॅगेत होती. मीच भरून दिली होती.

'लांबून काढला, त्यांना कळलंही नाही,' असं तू म्हणालास. मला तर तेच जास्त लागलं. कळलं असतं तर त्या पोराने निदान तोंड फिरवलं असतं.

कायद्याचं म्हणशील तर चारचौघांच्या जागेत फोटो काढायला सरसकट बंदी नाही, मान्य. पण २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा हेही लिहिलं की माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही. तुझ्यावर कुणी केस करणार नाही, घाबरू नकोस. त्या पाड्यावरून कोण येणार आहे कोर्टात!

तू लहानपणी विचारायचास, आजीचा एकही धड फोटो का नाही. माझ्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा ती कुठे पाठमोरी, कुठे पदराआड. मी 'लाजायची ती' म्हणून वेळ मारून न्यायचे. ती लाजरी नव्हती रे. बाजारात मिरचीचा भाव करताना तिचा आवाज पार रस्त्यापलीकडे जायचा.

बहात्तरच्या दुष्काळात माय खडी फोडायला जायची. मी सहा वर्षांची, सुकडी मिळेल म्हणून मागे मागे. एक दिवस शहरातून जीप आली. गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस उतरला, इकडून तिकडून फिरला, फोटो काढले आणि गेला. कुणाशी बोललाही नाही. काही महिन्यांनी शाळेतले गुरुजी एक अंक घेऊन आले. त्यात माय. हातात हातोडी, लुगडं खांद्यावर फाटलेलं, तोंड उघडं. खाली छापलेलं, 'दुष्काळग्रस्त महिला'. गुरुजींनी कौतुकानेच दाखवला. पारावर तो अंक हातोहात फिरला. माय घरी येऊन चुलीपुढे बसली आणि एवढंच म्हणाली, "मना फाटेल लुगडं साऱ्या गावनी दखं." त्यानंतर कुणीही कॅमेरा काढला की ती उठून आत जायची, मरेपर्यंत.

त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. कदाचित तसल्या फोटोंनी सरकार हललंही असेल. अमेरिकेत १९३६ साली डोरोथिया लँग या बाईंनी एका मजूर आईचा फोटो काढला होता, तो जगभर गाजला. त्या आईचं नाव आपण विचारलंच नाही, असं लँगबाईंनी नंतर स्वतःच लिहून ठेवलं. ती आई, फ्लोरेन्स थॉम्प्सन, १९७८ साली सापडली, तेव्हा तिची तक्रारही तीच होती, माझं नावही विचारलं नाही. वाचलं तेव्हा मला माय आठवली.

मग असे फोटो काढूच नयेत का? तसं मी म्हणणार नाही. १९८४ला भोपाळमध्ये मातीत पुरल्या जाणाऱ्या त्या बाळाचा रघू राय यांनी काढलेला फोटो जगाने पाहायलाच हवा होता. तो पाहून बोट त्या बाळाकडे जात नाही, कारखान्याकडे जातं. तुझ्या फोटोत बोट कुणाकडे जातं? त्या पडलेल्या बापाकडे आणि बिल्ल्याकडे. बाकी कुणाकडेच नाही.

तुला चाळीसगावला फोटोग्राफर केकी मूस यांचं घर दाखवायला नेलं होतं, आठवतं? वर्षानुवर्षं तो माणूस घराबाहेर पडला नाही, टेबलावर काड्या, पानं, दगड मांडून त्यातून चित्रं उभी केली. तू तसं कर, असं नाही. तू हिंडणारा आहेस, तुझ्या बापावर गेलास. पण हिंडताना नाव विचारायला काय लागतं? माणूस आडवा असेल तर आधी उठव, मग विचार. नको म्हणाला तर कॅमेरा बॅगेत.

तो फोटो आज काढून टाक. ग्रुपवर मी लिहिलंय, 'हा माझ्या मुलाने काढलाय, कृपा करून पुढे पाठवू नका.' दोघी-तिघींनी अंगठा दाखवला, एक बाई रागावल्या. त्या शाळेत माझी एक विद्यार्थिनी शिकवते. सोमवारी तिला भेटून येईन.

बिबड्या आणि कळण्याचं पीठ पाठवतेय. डबा परत आण, मागचे दोन अजून तुझ्याकडेच आहेत.

एक सांगायचं राहिलं. मायचा समोरून, चेहरा दिसेल असा फोटो जगात तेवढा एकच आहे, त्या अंकातला. कुठल्या वाचनालयात जुने अंक असतील, शोधावा असं कधी कधी मनात येतं. सापडला तर उघडून बघेन की नाही, ते मात्र अजून ठरत नाही.

तुझी,
आई