तिसऱ्यांदाही न उघडता परत आलेल्या बेस अ‍ॅम्पबद्दल

प्रति,
विक्रीपश्चात सेवा विभागप्रमुख

विषय: 500 वॉटच्या बेस अ‍ॅम्प हेडचा दुरुस्त न झालेला बिघाड आणि काल फोनवर मिळालेलं उत्तर

महोदय,

काल, 19 जूनला दुपारी, तुमच्या ग्राहक सेवेतल्या वरिष्ठांनी मला सांगितलं की बेस ऐकू आला नाही तरी गाण्याला काही फरक पडत नाही. बेस गिटारचे अ‍ॅम्प बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाने हे सांगितलं. म्हणून हे पत्र पुण्याच्या सेवा केंद्राला न पाठवता थेट तुम्हाला पाठवतो आहे.

बिघाड काय आहे ते आता चौथ्यांदा लिहितो. अ‍ॅम्प थंड असताना नीट चालतो. वीस-पंचवीस मिनिटं वाजवल्यावर, मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचं बटण, अर्ध्याच्या पुढे असताना, सगळ्यात जाड तार मोकळी मारली की आवाज जातो. समोरचा लाल प्रोटेक्ट दिवा लागतो आणि तीन-चार सेकंदांनी आवाज परत येतो. पुढे दर दोन-तीन मिनिटांनी हेच. या वेळात डीआयमधून, म्हणजे मिक्सरला थेट जोडणाऱ्या वाटेने, जाणारा सिग्नल मात्र एकदाही तुटत नाही. तुमच्या या मॉडेलमध्ये डीआय पॉवर अ‍ॅम्पच्या, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या भागाच्या, आधीच निघतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणजे सूर घडवणारा प्रीअ‍ॅम्प चांगला आहे, दोष त्याच्या पुढे आहे. शिवाय मागचा पंखा फिरत नाही. पेटीला हात लाववत नाही इतकी ती तापते, तरी जाळीतून वारा येत नाही. 'पंखा फिरत नाही' हे वाक्य माझ्या 18 एप्रिलच्या पहिल्या मेलमध्ये आहे.

माझ्याकडून जे तपासता येईल ते सगळं मी तपासलं. स्पीकरची स्पीकॉन केबल बदलली. दोन स्पीकर कॅबिनेटऐवजी एकच लावून पाहिलं, तेव्हा बिघाड उशिरा आला पण आला. त्याच दोन कॅबिनेटवर मित्राचा दुसरा अ‍ॅम्प लावला, तो तीन तास वाजला. मल्टीमीटरने विजेचं व्होल्टेज पाहिलं, 226 आलं. नागपूरच्या उन्हाळ्याचं कारण कोणी पुढे करू नये म्हणून घरी एसी 26 वर ठेवून वाजवलं. तिथेही 31व्या मिनिटाला दिवा लागला, त्याचा व्हिडिओ तुमच्याकडे पाठवलेला आहे.

आता तुमच्या केंद्राने काय केलं ते.

पहिल्या वेळी अहवाल आला: 'हेडफोनवर तपासले, आवाज व्यवस्थित, दोष आढळला नाही.' हेडफोनचा आवाज पॉवर अ‍ॅम्पमधून येत नाही. जो भाग बिघडला आहे तो वगळून तपासणी झाली.

दुसऱ्या वेळी अहवाल आला: 'ग्राहकाने चुकीचा लोड लावला असावा.' लोड म्हणजे अ‍ॅम्पला जोडलेले स्पीकर. माझी दोन कॅबिनेट आहेत, दोन्ही 8 ओहमची. समांतर जोडली की 4 ओहम होतात. तुमच्या अ‍ॅम्पच्या पाठीवर ठळक छापलं आहे: किमान 4 ओहम. 500 वॉट हा आकडासुद्धा तुम्ही 4 ओहमवरचाच देता. मग चूक कुठे झाली? हे मी लेखी विचारलं होतं, त्याला उत्तर नाही.

तिसऱ्या वेळी अ‍ॅम्प पाठवण्याआधी मी फोटो काढून ठेवले. तळाच्या एका स्क्रूवर तुमचं सील आहे, 'काढल्यास वॉरंटी रद्द' असं लिहिलेलं. त्याच्या कोपऱ्यावर मी बारीक पेनाने आरपार एक रेघ ओढली, अर्धी सीलवर, अर्धी पेटीवर. वीस दिवसांनी अ‍ॅम्प परत आला तेव्हा ती रेघ जशीच्या तशी जुळत होती. म्हणजे अ‍ॅम्प उघडलाच नव्हता. अहवालात मात्र 'अंतर्गत तपासणी पूर्ण' असं लिहून सही केलेली आहे. दोन्ही फोटो सोबत जोडले आहेत, कृपया शेजारी शेजारी ठेवून पाहा. मला राग आहे तो या सहीचा. वस्तू बिघडते, मी अकरा वर्षं स्टेजवर आहे, सगळ्यांच्या वस्तू बिघडताना पाहिल्या आहेत. न उघडलेल्या पेटीवर 'तपासली' म्हणून सही करणं ही वेगळी गोष्ट आहे.

यात माझं काय झालं तेही वाचा. 13 एप्रिलच्या संध्याकाळी इंदोऱ्यात भीमगीतांचा कार्यक्रम होता. जयंतीच्या आदल्या दिवसाचा कार्यक्रम, समोर मैदान भरलेलं. तिसऱ्या गाण्याच्या मुखड्यावर माझ्या मागचा आवाज गेला. डीआयमुळे मैदानात बेस पोचत होता, पण स्टेजवर मी आणि ढोलकीवाला, दोघंही बहिरे झालो. तो वाजवता वाजवता ओरडला, "बेस कुठी गेला बे?" केरवा तालात ढोलकीच्या धुमाची बाजू आणि बेस एकमेकांना धरून चालतात. ती घट्ट पकड त्या रात्री चार वेळा सुटली. त्या कार्यक्रमात वाजवायला मिळावं म्हणून नागपुरातले कलाकार वर्षभर वाट पाहतात.

तिथे निदान डीआय होता. तुमच्या केंद्राने 'दोष नाही' म्हणून पाठवलेला हाच अ‍ॅम्प घेऊन मी 6 मे रोजी वर्धा रोडवरच्या एका लॉनवर लग्नाच्या संगीतच्या कार्यक्रमाला गेलो. साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये जागा नव्हती, म्हणून बेस फक्त माझ्या कॅबिनेटमधून येणार होता. दुसऱ्याच गाण्यात तो गेला आणि दीड तास येत-जात राहिला. आयोजकांनी माझ्या पैशांतून 3,000 रुपये कापले. मी काही बोलू शकलो नाही, कारण त्यांचं म्हणणं खरं होतं.

आता कालचा फोन. बावीस मिनिटं थांबल्यावर एक मुलगा आला. त्याने तक्रार क्रमांक घेतला आणि म्हणाला, "सर, रिपोर्टमध्ये आवाज येतोय असं आहे."

मी विचारलं, "कशातून?"

"हेडफोनमधून."

"हेडफोनचा सिग्नल पॉवर अ‍ॅम्पमधून जात नाही. बिघाड पॉवर अ‍ॅम्पमध्ये आहे."

"हो सर, पण आवाज येतोय ना?"

मी पुन्हा समजावलं. त्याने पुन्हा तेच विचारलं. असं तीन वेळा झालं. त्या मुलाला मी दोष देत नाही, त्याच्यासमोर जे लिहून ठेवलं आहे तेच तो वाचत होता. मी विचारलं की तपासताना बेस वाजवून पाहिला का. त्याने कोणाला तरी विचारलं आणि सांगितलं, "सर, केंद्रात बेस नाही, गिटार लावून पाहिली." सहा तारांच्या गिटारची मोकळी खालची तार 82 हर्ट्झवर वाजते. बेसची 41 वर. पूर्ण एक सप्तक खाली. माझा अ‍ॅम्प ज्या सुरावर बंद पडतो तो सूर गिटारमध्ये नाहीच. आणि खर्जातल्या सुरालाच अ‍ॅम्पची सगळ्यात जास्त ताकद लागते, म्हणून तर बेससाठी 500 वॉटचा अ‍ॅम्प लागतो आणि गिटारवाल्याचं 50 वॉटमध्ये भागतं.

मग वरिष्ठ फोनवर आले. त्यांनी बिघाडाबद्दल एक शब्द विचारला नाही. पहिलाच प्रश्न: "हा कुठे वापरता तुम्ही?"

मी म्हटलं, "कार्यक्रमात. ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो."

"म्हणजे लग्नात वगैरे?"

"लग्नातही वाजवतो."

"मग हा व्यावसायिक वापर झाला. वॉरंटी घरगुती वापराला असते."

मी वॉरंटी कार्ड हातात घेऊनच बसलो होतो. त्यात 'घरगुती' हा शब्द कुठेच नाही, तसं मी सांगितलं. 500 वॉटचा बेस अ‍ॅम्प घरात कोण वाजवतं, हेही विचारलं. तुमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर स्टेजचा फोटो आहे, हे सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "अहो, दोन-चार सेकंद बेस गेला तर गाण्याला काही फरक पडत नाही. पब्लिक गायकाला बघायला येते. बेस कोणाला ऐकू येतो?"

आणि फोन ठेवला.

रात्रभर हे वाक्य डोक्यातून गेलं नाही. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांचा बेस ऐकत मी हे वाद्य शिकलो. त्या गाण्यांतून बेस काढून टाका आणि ऐका. चाल तीच राहील, शब्द तेच राहतील, गाणं जमिनीवरून सुटेल. तिकडे अमेरिकेत बेसवादक जेम्स जेमर्सन यांनी 1962च्या फेंडर प्रिसिजन बेसवर जाड फ्लॅटवाउंड, म्हणजे गुळगुळीत वेढ्यांच्या, तारा लावून मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांना चालायला शिकवलं. ऐकणाऱ्याला बेस म्हणून वेगळा दाखवता येत नाही हे खरं आहे, पण तो गेला की गाणं पोकळ झालेलं पोरांनाही कळतं, नाचणारे पाय थांबतात. वर्धा रोडच्या लॉनवर मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे.

माझा सूर मला कसा हवा हे ठरवायला मला सात-आठ वर्षं लागली. जुन्या गाण्यांसाठी फ्लॅटवाउंड तारा, तारा जिथे टेकतात त्या ब्रिजजवळ तारांखाली स्पंजची पट्टी, ट्रेबल जवळपास बंद, आणि 400 हर्ट्झच्या आसपास थोडा उठाव, म्हणजे हार्मोनियम आणि कीबोर्डच्या गर्दीतही सूर कळतो. नव्या गाण्यांना पाच तारांचा बेस, त्याची खालची तार 31 हर्ट्झपर्यंत जाते. तुमचा अ‍ॅम्प मी त्याच्या मिड्ससाठी, म्हणजे मधल्या पट्टीतल्या आवाजासाठी घेतला. दुकानात तासभर वाजवून घेतला. आवाज आजही मला आवडतो, हे मी खरेपणाने सांगतो. पहिल्या वीस मिनिटांत यासारखा आवाज मला या किमतीत दुसऱ्या कशातच मिळाला नाही. म्हणूनच जास्त त्रास होतो.

अकरा वर्षांपूर्वी मी पहिला अ‍ॅम्प घेतला तोही तुमचाच, 100 वॉटचा कॉम्बो. टेम्पोतून, पावसातून, गणपती-देवीच्या मांडवांतून तो फिरला, एकदाही बंद पडला नाही. माझ्या सांगण्यावरून सीताबर्डीच्या दुकानातून आणखी तीन जणांनी तुमचे अ‍ॅम्प घेतले. मागच्या महिन्यात त्यांतल्या एकाला नवा घ्यायचा होता, त्याने मला विचारलं. मी त्याला सगळं सांगितलं, सीलच्या रेघेसकट. त्याने दुसऱ्या कंपनीचा घेतला.

व्यावसायिक वापराचं म्हणाल तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चं कलम 2(7) वाचून घ्या. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू 'व्यावसायिक प्रयोजना'त धरली जात नाही, असं तिथे स्पष्टीकरणात लिहिलं आहे. मी एकटा माणूस आहे, बेस वाजवतो, त्यावर माझं घर चालतं. मी ग्राहकच आहे. तक्रार मी राहतो तिथे, म्हणजे नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, पुण्याला यावं लागत नाही. माझ्या रकमेला फीसुद्धा नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवण्याची तयारी झालेली आहे, कागद लावून ठेवले आहेत: बिल, तीन अहवाल, व्हिडिओ, सीलचे फोटो.

मला काय हवं ते साधं आहे. अ‍ॅम्प बदलून द्या. ते नसेल करायचं तर तो उघडा, पंखा आणि पॉवर अ‍ॅम्प तपासा, 4 ओहमचा लोड लावा, आणि एक तास त्यावर बेस वाजवा. हेडफोन नाही, सहा तारांची गिटार नाही. बेस. केंद्रात बेस नसेल तर मी माझा घेऊन पुण्याला येतो आणि तुमच्या माणसासमोर तासभर वाजवतो. सातशे किलोमीटर आहे, रात्रीच्या बसने येईन.

तीन वेळा पाठवण्याचा कुरिअर खर्च 3,450 रुपये, पाच कार्यक्रमांना भाड्याने आणलेल्या अ‍ॅम्पचे 7,500 आणि लॉनवर कापलेले 3,000, असे 13,950 रुपये मला परत हवेत. पावत्या जोडल्या आहेत. लॉनच्या पैशांची पावती नाही, आयोजकांचा मेसेज आहे.

पोळ्यापासून दिवाळीपर्यंत आमचा हंगाम असतो. गणपतीच्या सात तारखा मी घेतल्या आहेत आणि आज माझ्याकडे भरवशाचा अ‍ॅम्प नाही. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर सोळाव्या दिवशी मी आयोगात जाईन. उत्तर अशा माणसाकडून यावं, ज्याने अ‍ॅम्प स्वतः उघडून पाहिला आहे.

आपला ग्राहक,
धरमपेठ, नागपूर
20 जून

(नाव, बिल क्रमांक आणि तिन्ही तक्रार क्रमांक सोबतच्या प्रतींवर आहेत.)