बुलेटच्या माहेरी जाऊन आलो, आता पुण्यातही म्युझियम हवं

मा. संपादक,
मुलाकडे इंग्लंडला गेलो होतो तेव्हा बर्मिंगहॅमजवळचं नॅशनल मोटरसायकल म्युझियम बघितलं, आणि खरं सांगतो, पाय निघत नव्हता. बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फ, सगळ्या ब्रिटिश गाड्या रांगेत चकाचक. 2003 मध्ये आग लागून इथल्या 300 हून जास्त गाड्यांची वाट लागली होती, तरी त्या लोकांनी जिद्दीने पुन्हा एकेक गाडी उभी केली आणि पुढच्याच वर्षी दारं उघडली, याला म्हणतात प्रेम!

रॉयल एनफिल्डपाशी मी सगळ्यात जास्त थांबलो. तिचं मूळ गाव रेडिच तिथून जवळच, आणि 1955 पासून आपल्याकडे मद्रासला बुलेट बनायला लागली. वडिलांकडे तीच होती, उजव्या पायाने गिअर, डाव्या पायाने ब्रेक, अन् किक मारायच्या आधी डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे इंजिनातला दाब सोडायचा खटका दाबून अँपिअरच्या, म्हणजे विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरचा काटा मध्ये आणायचा, ते सगळं तिथं उभ्या उभ्या आठवलं.

मग वाटलं, चेतक आणि लुना ज्या पुण्यानं देशाला दिल्या तिथं असं मोठं म्युझियम का नको? किती घरांत जुन्या गाड्या ताडपत्रीखाली गंजतायत, लोक आनंदाने देतील. माझी लुना द्यायला मी आजच तयार आहे.

– एक वाचक, पुणे