माझा फोन तासभर उचलणाऱ्या अण्णांस

आदरणीय अण्णा,

सादर नमस्कार.

गेल्या शनिवारी कारखान्यात आपला निरोप समारंभ झाला. आपल्या खांद्यावर चादर घातली गेली, हाती नारळ दिला गेला, चार जणांची भाषणे झाली आणि आपण नेहमीप्रमाणे दोन वाक्ये बोलून खाली बसलात. माझेही नाव पुकारले गेले होते. पण घसा असा दाटून आला की मी हात जोडले आणि जागेवरच उभी राहिले. त्या दिवशी जे बोलता आले नाही ते आज येथे सर्वांसमक्ष लिहिते आहे. आपण माझ्यासाठी जे केलेत ते चारचौघांदेखत केलेत, म्हणून त्याचे आभारही चारचौघांतच मानले जावेत असे मला मनापासून वाटते.

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील आपल्या या टॉवेल कारखान्यात नियोजनाच्या टेबलावर येण्यापूर्वी मी सहा वर्षे दुसऱ्या एका ठिकाणी काम केले. तेथे प्रत्येक ऑर्डरच्या कार्डावर लाल शाईने ‘अर्जंट’ असे लिहिलेले असे. सगळीच कार्डे अर्जंट झाल्यावर काहींवर ‘अति अर्जंट’ लिहिण्यास सुरुवात झाली आणि पुढे त्यांचीही गर्दी झाली. सकाळी एका साहेबांनी सांगितलेले काम दुपारी दुसरे साहेब थांबवायला लावत आणि संध्याकाळी दोघेही आपापल्या कामाचा जाब मलाच विचारत. महिन्याचे उद्दिष्ट विचारले तर ‘जास्तीत जास्त माल काढा’ एवढेच उत्तर मिळे. वर्षाअखेरीच्या मूल्यमापनात मात्र ‘कामाचा प्राधान्यक्रम ठरवता येत नाही’ असा शेरा माझ्या नावापुढे पडला. तो शेरा मी खरा मानला, याचे मला आजही वाईट वाटते.

त्याच ठिकाणी आम्हाला एकदा दिवसभराच्या प्रशिक्षणासाठी एका हॉटेलात नेले होते. तेथे आलेल्या वक्त्यांनी फळ्यावर चार चौकोन काढले, पहिल्यात तातडीचे आणि महत्त्वाचे असे दोन्ही असलेले काम टाकले, आणि तातडीचे व महत्त्वाचे यांतला भेद समजावून सांगितला. तो भेद चुकीचा नव्हता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ सालच्या एका भाषणात एका माजी महाविद्यालय-प्रमुखांचा दाखला देऊन तो मांडला होता, असे मी पुढे वाचले. पण माझ्यासारख्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला कोणते काम कोणत्या चौकोनात टाकायचे हे ठरवण्याचा अधिकारच नसेल तर त्याने काय करावे, याविषयी दिवसभरात एक शब्दही निघाला नाही. वरून आलेले प्रत्येक काम पहिल्याच चौकोनात जाऊन बसत होते. पहाटे पाचला उठून स्वतःसाठी एक तास काढावा, असाही सल्ला मिळाला. सोलापुरात चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येते आणि त्या दिवशी पहाटेचा तो तास पिंपे, हंडे आणि बादल्या भरण्यात जातो, हे त्या वक्त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण आम्हाला तेथे पाठवणाऱ्यांना ते ठाऊक होते. एखाद्याने मान वर करून तसे सांगितले असते तरी मला धीर आला असता.

हे सगळे ओझे घेऊनच मी आपल्याकडे आले. नोकरी बदलली, पण सवय बदलली नाही. फोन वाजला की उचलायचा, दारात माणूस दिसला की उठायचे, आणि ज्या कामासाठी मला नेमले आहे ते सगळे घरी गेल्यावर जेवणाचे ताट बाजूला सारून करायचे, असाच माझा दिवस चालत राहिला.

डिसेंबरातला तो मंगळवार मला अगदी स्पष्ट आठवतो. हॉटेलसाठीच्या टॉवेलांची मोठी ऑर्डर जानेवारीअखेरीस न्हावा शेवा बंदरात पोहोचवायची होती आणि तिचा आराखडा माझ्याकडे होता. कोणत्या मागांवर कोणते बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचे रूळ, चढवायचे, रंगाईकडे माल कधी द्यायचा, शिलाईला किती दिवस लागतील, याचा तो हिशेब होता. तीन दिवस मी तो मांडत होते आणि तीन दिवस तो अर्ध्यावर तुटत होता. आपण शेडमधून कशासाठी तरी वर आलात आणि माझ्या टेबलाजवळ थांबलात. मी एका कानाला फोन लावून दुसऱ्या हाताने आकडे खोडत होते. आपण काही विचारले नाही. कोपऱ्यातले लाकडी स्टूल ओढलेत, माझ्या शेजारी बसलात आणि म्हणालात, “ताई, फोन इकडे द्या. साडेबारापर्यंत तो मी उचलतो. तुम्ही तेवढा हिशेब पुरा करा.”

पस्तीस वर्षे माग चालवलेला आणि चालवून घेतलेला, ज्याच्या एका शब्दावर अख्खी पाळी हलते असा मास्तर माझ्या टेबलाशी स्टुलावर बसून माझे फोन घेऊ लागला, हे दृश्य कार्यालयातल्या सगळ्यांनी पाहिले. मला संकोच वाटला. पहिली पाच-सात मिनिटे मी आकड्यांकडे पाहतच नव्हते, फोनकडेच कान देऊन होते. मग वरच्या कार्यालयातून फोन आला. माझा हात आपोआप पुढे गेला. आपण तो नुसत्या मानेने थांबवलात आणि शांतपणे म्हणालात, “ताई हिशेबाला बसल्या आहेत. साडेबाराला त्या स्वतः बोलतील.” पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही, पण आभाळ कोसळले नाही, कोणी रागावून खाली आले नाही. सहा-सात वर्षांत माझ्या बाजूने असे वाक्य कोणी उच्चारले नव्हते. त्यानंतर मी खाली मान घातली ती साडेबारालाच वर केली, आणि तेव्हा आराखडा पुरा झालेला होता.

उठताना आपण मला पॅकिंग स्लिपचा एक कागद दिलात. त्याच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने अकरा फोन लिहिलेले होते: कोणाचा, कशासाठी, कधीपर्यंत हवे. चार नावांपुढे ‘सांगितले’, पाच नावांपुढे ‘उद्या चालेल’ आणि फक्त दोन नावांपुढे ‘आज’ असे आपल्या गोल, सुटसुटीत अक्षरात होते. ज्या अकरा फोनांसाठी मी रोजचा सबंध सकाळचा वेळ देत होते त्यांतले दोनच त्या दिवसाचे होते. आपण त्यावर व्याख्यान दिले नाहीत. कागद टेबलावर ठेवलात, स्टूल पुन्हा कोपऱ्यात नेऊन ठेवलेत आणि जिना उतरून शेडमध्ये गेलात. तो कागद माझ्या डायरीत आहे. पेन्सिलीची अक्षरे थोडी पुसट झाली आहेत, पण ‘आज’ हे दोन्ही शब्द अजून नीट वाचता येतात.

पुढे आपण मला पुष्कळ शिकवलेत. यात्रेचे दिवस आराखड्यात सर्वांत आधी लिहायचे, कारण सिद्धेश्वर महाराजांची गड्ड्याची यात्रा संक्रांतीला येणारच आहे आणि त्या दिवसांत शेडमधली हजेरी कमी होणारच आहे. जे हलणार नाही ते आधी मांडले की जे हलवता येते ते आपोआप दिसू लागते. उद्दिष्ट लिहिताना कोणता माल, किती नग आणि कोणती तारीख हे तर लिहायचेच, पण त्याच ओळीत ‘यासाठी काय थांबवायचे’ हेही लिहून घ्यायचे आणि त्यावर सांगणाऱ्याची सही घ्यायची. या शेवटच्या अटीने माझे आयुष्य बदलले असे म्हणण्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही. ‘हे काम आधी घ्या’ असे सांगणे सोपे असते. ‘त्याऐवजी अमुक काम चार दिवस मागे जाऊ द्या’ असे सही करून सांगणे अवघड असते, आणि ते सांगावे लागले की निम्मी तातडी जागच्या जागी विरते. नेमके आणि थोडे कठीण उद्दिष्ट हे ‘जमेल तेवढे करा’ अशा सांगण्यापेक्षा जास्त काम घडवते, हे एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या अभ्यासकांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवले आहे. काय थांबवायचे याची सही मात्र मी आपल्याकडूनच शिकले.

एकदा मी विचारले होते की सगळ्याच कामांना सारखा जोर लावला तर बिघडते कुठे. आपण मला शेडमध्ये मागापाशी नेलेत आणि आवाजावर आवाज चढवून दाखवलेत की टॉवेलच्या मागावर दोन बीम असतात, एक तळाच्या ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, आणि एक ढिल्या सोडलेल्या ताण्याचा. पहिले दोन आडवे धागे पडतात तेव्हा धागे ठोकून बसवणारी फणी थोडी अलीकडेच थांबते. तिसऱ्या धाग्याला ती पूर्ण पुढे येते, तिन्ही धागे एकदम सरकवते आणि तेव्हा ढिल्या ताण्याचे लूप उभे राहतात. “प्रत्येक धाग्याला पुरा ठोका दिला तर कापड विणले जाईल ताई, पण टॉवेल होणार नाही. पाणीच टिपणार नाही ते.” मी रोज टॉवेलाचेच काम करत होते आणि टॉवेल कसा बनतो हे माझ्या कामाला कधी लावून पाहिले नव्हते.

तरीही अण्णा, हे सगळे शिकणे दुसऱ्या क्रमांकाचे आहे. पहिल्या क्रमांकाला तो एक तासच आहे. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली असे मांडले की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळले तरी मनाचा काही भाग मागच्याच कामापाशी घोटाळत राहतो आणि पुढचे काम त्यामुळे खालावते. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर माझीच तीन दिवस तुटलेली बेरीज उभी राहिली. वेळेचे नियोजन हा एकट्या माणसाचा गुण आहे असे आम्हाला सतत सांगितले गेले. न जमल्यास दोषही एकट्याचाच ठरला. माझा अनुभव वेगळा आहे. माणसाला स्वतःचा तास राखता यावा यासाठी आधी कोणीतरी अधिकारी माणसाने तो त्याच्यासाठी राखून दाखवावा लागतो. आपण तो राखलात, आणि त्यासाठी स्वतःचा मोठेपणा बाजूला ठेवून स्टुलावर बसलात. दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेअकरा ते साडेबारा मला कोणी हाक मारली नाही. तसा नियम कोणी काढला नव्हता. लोकांनी आपल्याला पाहिले होते, एवढेच.

आपल्या गावात हा चांगुलपणा नवा नाही, असेही मला या निमित्ताने म्हणावेसे वाटते. शेजारच्या मागाचा ताणा तुटलेला दिसला की स्वतःचा माग थांबवून गाठ मारायला जाणारे विणकर मी शेडमध्ये पाहिले आहेत. मजुरी नगावर मिळत असताना माग थांबवणे म्हणजे स्वतःच्या पदरचे पैसे देणे असते, आणि ते हे न बोलता देतात. सोलापूरची चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळाले याचा मला अभिमान आहे. पण त्या कापडाआड अशी माणसे आहेत याचा अभिमान त्याहून अधिक आहे. आपण त्यांच्यातूनच वर आलात आणि कार्यालयाच्या जिन्याने वर येतानाही ती रीत खाली ठेवून आला नाहीत.

ती ऑर्डर ठरल्या तारखेला बंदरात पोहोचली. यात्रेच्या दिवसांत मला सुट्टी घेता आली आणि किती तरी वर्षांनी आईला घेऊन नंदीध्वजांच्या दर्शनाला जाता आले. गर्दीत आई दमली, तरी परतताना तिने विचारले, “यंदा तुझा फोन वाजला नाही गं.” तेव्हा मी तिला आपल्याविषयी सांगितले. तिने आपल्यासाठी शेंगाची चटणी कुटून ठेवली आहे.

पुढच्या तिमाहीचा आराखडा मी नुकताच मांडला आहे. त्यात रंगाईच्या दोन तारखा एकमेकींवर येत आहेत आणि कोणती मागे घ्यावी हे माझ्याने ठरत नाही. गुरुवारी आमच्याकडे पाण्याचा दिवस आहे. तो सोडून कोणत्याही संध्याकाळी कागद आणि चटणी घेऊन मी आपल्या घरी येईन. कोणती वेळ सोयीची आहे ते कृपया कळवावे.

आपली कृतज्ञ,
नियोजनाच्या टेबलावरची ताई
सोलापूर