मंत्रीसाहेब, तपासणीच्या खोलीत माझा नवरा एकदम ठणठणीत असतो

माननीय आरोग्यमंत्री यांस,

नमस्कार. पत्र जरा लांबेल, आधीच सांगते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याला अपघात झाला, डोक्याला मार लागला. ॲडमिट केलं तेव्हा जीसीएस, म्हणजे शुद्ध किती आहे ते मोजणारा ग्लासगो कोमा स्केल, 6 होता. डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का यावरून 3 ते 15 मधे मार्क देतात, 8 किंवा त्याखाली म्हणजे गंभीर. ही पद्धत 1974 मधे ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी काढली, हे मला आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसून कळलं. डॉक्टरांनी जीव वाचवला, त्याबद्दल तक्रार नाहीच. घरी सोडताना 15 पैकी 15, स्वतःच्या पायांनी चालत आला, सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं.

आणि मग खरं सुरू झालं.

टॉवेल हातात घेऊन पलंगावर बसतो आणि तासभर तसाच. आंघोळ कशी करायची ते माहितीय, करायचीही आहे, पण सुरुवातच होत नाही. लोकांना वाटतं आळशी झालाय. कपाळामागचा मेंदूचा भाग असतो ना, फ्रंटल लोब, तो "चल, ऊठ" म्हणतो आणि "थांब, हे बोलू नको" पण तोच म्हणतो, त्यालाच मार बसलाय. त्यामुळे एकीकडे हलत नाही आणि दुसरीकडे पेन सापडलं नाही म्हणून मुलीवर असा ओरडतो की ती आता मैत्रिणींना घरी आणतच नाही. वास गेलाय, गॅस चालू राहिला तरी कळत नाही. टीव्ही चालू असताना कोणी बोललं की चिडतो, सकाळी अकरालाच थकून झोपतो. जोरदार हिसक्याने मेंदूतले बारीक तंतू तुटतात ते साध्या सीटी स्कॅनमधे बऱ्याचदा दिसतच नाहीत, म्हणून रिपोर्ट चांगला आणि घरात हे असं.

आता मुद्द्यावर येते. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी तपासणीला गेलो. डॉक्टरांनी तारीख विचारली, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, 100 मधून 7 वजा करत जा म्हणाले, चालून दाखवा म्हणाले. सगळं बरोबर! मग विचारलं, काही त्रास? हा म्हणतो, छे, मी मस्त आहे. आणि साहेब, तो खोटं बोलत नव्हता हो. आपल्यात काय बिघडलंय हे जो मेंदू ओळखणार तोच दुखावलाय, त्याला अ‍ॅनोसोग्नोसिया म्हणतात, हा शब्द 1914 चा आहे. मी बोलायला लागले तर मला म्हणाले, पेशंटला बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा.

त्या शांत खोलीत एकच माणूस, एका वेळी एकच प्रश्न. पुढे काय करायचं ते डॉक्टरच सांगतायत. म्हणजे तेवढा वेळ त्याचा फ्रंटल लोब ते डॉक्टरच झाले होते! घरी ते काम मी करते, सकाळी उठल्यापासून. अर्ज नामंजूर.

1848 मधे अमेरिकेत फिनियस गेज नावाच्या रेल्वे मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी सळई आरपार गेली, तरी तो जगला, चालला, बोलला, पण मित्र म्हणाले हा आमचा गेज नाही. गोष्ट इथेच संपवतात सगळे. पुढे त्याने चिलीत काही वर्षं घोडागाडी हाकली हे कोणी सांगत नाही. रोजचं ठरलेलं काम मिळालं की अशी माणसं सावरू शकतात, माझाही सावरेल कदाचित, पण त्यासाठी रिहॅब, म्हणजे पुनर्वसनाचे उपचार लागतात, रिहॅबसाठी सर्टिफिकेट लागतं, आणि सर्टिफिकेटसाठी तो त्या खोलीत आजारी दिसावा लागतो.

सासूबाई म्हणतात, जिवंत आहे ना, रडतेस कशाला. खरंय त्यांचं. पण शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसाची आठवण येते, हे कोणाला सांगू?

मागणी फार मोठी नाही. तपासणीच्या फॉर्ममधे एक पान घरच्या माणसासाठी ठेवा, आणि त्याचं म्हणणं वेगळं बसवून ऐका, पेशंटसमोर नको, त्याला अपमान वाटतो आणि रात्री तो राग आमच्यावर निघतो. परीक्षा घ्यायचीच तर एखादं घरातलं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याला करू द्या, आजूबाजूला आवाज असताना, मधे काही न सांगता. आणि डिस्चार्जनंतर तीनेक महिन्यांनी कोणीतरी घरी एक फोन करा. पेशंटला नाही, आम्हाला.

पुढच्या महिन्यात परत तपासणी आहे. काय काय होतं ते मी तारखांसकट वहीत लिहून ठेवलंय, चाळीस पानं झालीत. ती वही कोणाकडे द्यायची तेवढं कळवा.

एक पेशंटची बायको