परी गोरीपान आणि झगेवालीच का?

महोदय,

आपल्या बालपुरवणीत येणारी परी दरवेळी गोरीपान, पांढऱ्या झग्यातली आणि गोड बोलणारी असते. आमच्या वाचनालयातली मुलं असल्या गोष्टी दोन पानांत मिटतात. इंग्रजी लेखिका एडिथ नेस्बिट यांची १९०२ सालची बालकादंबरी ‘फाइव्ह चिल्ड्रन अँड इट’ मात्र मी मराठीत सांगू लागले, की दंगेखोर पोरंही जागची हलत नाहीत. त्यातली परी वाळूत पुरून घेऊन राहते. गोगलगायीसारखे बाहेर येणारे डोळे, वटवाघळाचे कान, कोळ्यासारखं गोल केसाळ पोट आणि माकडाचे हातपाय! शिवाय महाचिडकी. मिशीचा एक केस कधीकाळी भिजला, तो अजून ठणकतो म्हणून कुरकुरते. इच्छा पूर्ण करायची तर श्वास कोंडून फुगते. सूर्यास्ताला जादू संपते.

गोष्टीतली मुलं सोन्याची नाणी मागतात. खाण भरून मिळतात, पण जुनी! बहुतेक दुकानदार ती घेईनात. सुंदर रूप मागतात, तर घरची मोलकरीणच ओळखेनाशी होते, दुपारचं जेवण बुडतं. यावर आमच्या वाचनालयातल्या मुलांचं भांडण जुंपतं, ‘आपण काय मागितलं असतं?’

लेखिकेचं निधन १९२४ सालचं, त्यामुळे प्रताधिकाराची अडचण नाही. पुरवणीत हे क्रमशः छापा. चित्रं एच. आर. मिलर यांची मूळचीच ठेवा. कृपा करून त्या प्राण्याला पंख आणि चांदणीची काठी चिकटवू नका.

– एक निवृत्त ग्रंथपाल, सांगली