विषय: टेम्परिंग न करता पाठवलेला पिस्टन पिनांचा लॉट

प्रति,
प्लांट हेड, हीट ट्रीटमेंट विभाग

तुमच्या क्वालिटीच्या साहेबांनी आज बोलता बोलता फोन ठेवून दिला, म्हणून हे लेखी.

१६ एमएनसीआर ५ स्टीलच्या पिस्टन पिना तुमच्याकडून केस हार्डन होऊन, म्हणजे वरचा थर कडक होऊन आल्या. सेंटरलेस ग्राइंडिंग मशीनवर फिनिश करून क्रॅक टेस्टिंगला लावल्या, तर पिनेच्या लांबीला धरून बारीक रेघा. काहींवर अक्षरशः जाळी.

ग्राइंडिंग क्रॅक म्हटलं की दोष ग्राइंडिंगवाल्याचा, हे तुमचं ठरलेलं उत्तर. म्हणून आधी आमचंच काम तपासलं. व्हील मऊ ग्रेडचं, वेळेवर ड्रेस केलेलं, म्हणजे धार काढलेलं. शेवटचे कट १० मायक्रॉनचे. कूलंटची धार थेट कटावर. जळालेली जागा दाखवणारं नायटल ॲसिडचं एचिंगही केलं. जॉब जळाल्याचा एकही काळा-पांढरा डाग नाही.

मग हार्डनेस, म्हणजे कडकपणा बघितला. ड्रॉइंगवर ५८ ते ६२ एचआरसी (रॉकवेल मापात), तुमच्या सर्टिफिकेटवर ६१. आमच्याकडे ६४ लागला आणि बाहेरच्या लॅबमध्येही ६४. तेलात विझवून काढलेली पिन टेम्पर झाली असती, म्हणजे १७० अंशांवर दोन तास पुन्हा तापवली असती, तर ६४ वर राहिली असती का? टेम्पर न झालेलं मार्टेन्साइट, म्हणजे विझवल्यावर होणारी स्टीलची कडक रचना, ठिसूळ असतं, आतून ताणलेलं असतं. ग्राइंडिंगची साधी उष्णताही त्याला फाडते. हे तुम्हाला मी शिकवायचं?

त्याच लॉटच्या उरलेल्या पिना आम्ही दुसरीकडे टेम्पर करून आणल्या. तेच मशीन, तेच व्हील, तोच ऑपरेटर. एकाही पिनेला क्रॅक नाही.

हे सगळं साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "हार्डनेस कमी आला तर बोला. जास्त दिलाय, तर तक्रार कसली?" मी म्हटलं, टेम्परिंगचा चार्ट, म्हणजे भट्टीच्या तापमानाची नोंद पाठवा. तर म्हणाले, "चार्ट बघून तुम्हाला काय कळणार? तुम्ही दगड फिरवा, मेटलर्जी आमच्यावर सोडा." माझ्या शेजारी माझा ऑपरेटर उभा होता. आयुष्य ग्राइंडिंगवर गेलेला माणूस तो. व्हीलच्या आवाजावरून ड्रेसिंग कधी करायचं ते सांगतो. त्याने खाली मान घातली. मी पुन्हा चार्ट मागितला, तेव्हा "माल उचलला की आमची जबाबदारी संपली" असं म्हणून फोन ठेवला.

संपली कशी? ही पिन पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांना जोडते. चालत्या इंजिनात ती तुटली तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. क्रॅक टेस्टिंगला आम्ही थांबलो नसतो, तर या पिना आज कुणाच्या तरी गाडीत असत्या.

शिरोलीत बाकीचे लोक दर पाडून मागत होते, तेव्हाही आम्ही तुमच्याकडेच काम देत होतो. तुमचं सर्टिफिकेट आलं की आम्ही डोळे झाकून जॉब मशीनला लावत होतो. ते आता होणार नाही.

त्या लॉटचा टेम्परिंग चार्ट पाठवा. तो अजूनही आलेला नाही. ६४ चे ६१ कुणी लिहिले, त्याचं लेखी उत्तर द्या. मटेरियल आणि मशीनिंगच्या खर्चाची डेबिट नोट सोबत आहे. आठवड्यात उत्तर आलं नाही, तर लॅब रिपोर्टसह हेच पत्र आमच्या इंजिनवाल्या ग्राहकाच्या क्वालिटी विभागात जाईल, आणि तुमच्याकडे पडून असलेला आमचा कच्चा माल आम्ही परत उचलू.

प्रोप्रायटर,
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर